सरपणासाठी कुकरी कशी निवडावी: ठाणे आणि नवी मुंबईच्या ट्रेकर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरून रानातलं गवत पिवळं पडलं की ठाण्या-पनवेलचे भटके तंबू बाहेर काढतात, आणि त्याच सुमारास कुकरीबद्दलची, म्हणजे पुढे झुकलेल्या पात्याच्या नेपाळी सुऱ्याबद्दलची, विचारणा सुरू होते. इथली उत्तरं मुरबाड, शहापूर, कर्जत, बदलापूर या बाजूला रात्रीच्या मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी आहेत. आपलं हवामान, आपली झाडं आणि आपल्याकडचे नियम धरून ती लिहिली आहेत.

ट्रेकला कुकरी न्यायलाच हवी का?

बहुतेक ट्रेकना नको. एका दिवसाच्या चढाईला, किल्ल्यावरच्या मुक्कामाला किंवा अभयारण्यातल्या वाटेला कुकरीचं कामच पडत नाही. चहा आणि खिचडीला छोटी गॅसची शेगडी पुरते आणि भाजी चिरायला घरातली सुरी.

कुकरी कामाला येते ती खासगी जागेवरच्या मुक्कामात. ओळखीच्या कुणाचं शेत असतं, किंवा परवानगी असलेलं कॅम्पिंगचं मैदान. मालक सरपण देतो, पण ते चुलीजोगं करायचं काम तुमच्याकडे असतं. मनगटाएवढ्या जाडीचं वाळलेलं लाकूड तोडणं, तंबूसाठी खुंट्या टोकदार करणं, पेटवणासाठी ढलप्या काढणं हे सगळं ती झकास करते. तेव्हा आधी आपले मुक्काम कुठे पडतात ते बघा. उत्तर ‘किल्ल्यावर’ असेल तर तेच पैसे चांगल्या शेगडीला घाला, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

कोयता स्वस्तात मिळतो. मग कुकरी कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच जणांना कोयताच पुरेल. ट्रकच्या पाट्यापासून घडवलेला कोयता जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतो, गावच्या लोहाराकडेही मिळतो. करवंदीची जाळी साफ करायची असेल किंवा फांदी ओढून तोडायची असेल तर त्याच्या आत वळलेल्या चोचीला तोड नाही. शिवाय चोच पुढे असल्यामुळे घाव जमिनीवर उतरला तरी धार दगडावर आपटण्याची शक्यता कमी असते. कोकणात शेतकरी कमरेच्या आकडीत कोयती अडकवून दिवसभर झाडावर चढ-उतार करतात, ते काही उगाच नाही.

कुकरीचं बलस्थान वेगळं आहे. तिचं पातं पुढे झुकलेलं असतं आणि वजन टोकाकडच्या फुगीर भागात, म्हणजे पोटात साठलेलं असतं. घाव घालताना पोट आधी लाकडात शिरतं आणि वजन मागून रेटा देतं. त्यामुळे मनगटाला फार जोर लावावा लागत नाही. मुठीजवळचा सरळ भाग सुरीसारखा वापरता येतो, टोकाने भोक पाडता येतं. एकाच हत्याराने तोडणं आणि तासणं दोन्ही करायचं असेल तर कुकरी घ्या. फक्त झाडी साफ करायची असेल तर कोयता.

किती लांबीची आणि किती वजनाची घ्यावी?

पातं 8 ते 9 इंच आणि वजन साधारण 450 ते 600 ग्रॅम. याहून हलकी असेल तर घाव उथळ पडतो. पाऊण किलोच्या वर गेली की सुरुवातीला मजा येते, पण हात दमल्यावर नेम चुकतो, आणि चुकलेला घाव आपल्याच नडगीकडे येतो.

गोरखा सैनिकांच्या धर्तीवरच्या कुकऱ्यांचं पातं बहुधा 10 ते 11 इंचांचं असतं. विक्रेते तीच आधी पुढे करतात. आपल्या कामाला ती मोठी होते, आणि त्याहून महत्त्वाचं कारण पुढच्या उत्तरात आहे. आकारांमध्ये ‘सिरुपाते’ ही निमुळती आणि अरुंद असते, ‘भोजपुरे’ पोटाला रुंद आणि जाड. सरपणाला भोजपुरे घडणीची छोटी आवृत्ती चांगली. पातं पाठीकडे, मुठीजवळ, किमान 7-8 मिलिमीटर जाड असावं आणि धारेकडे हळूहळू उतरत जावं.

कुकरी बाळगणं कायदेशीर आहे का?

हा भाग नीट वाचा. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात धारदार शस्त्रांची यादी आहे. तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत कुकरीचं नाव तिथे थेट लिहिलेलं आहे. मर्यादा आहे ती 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची. यातला ‘किंवा’ फार जणांच्या नजरेतून सुटतो. पातं 9 इंचांच्या आत आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण कुकरीचं पोट सहज सव्वादोन इंच भरतं. खरेदीपूर्वी दोन्ही मापं विचारा, आणि घरी आल्यावर फुटपट्टी लावून पुन्हा मोजा.

घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या अवजारांना या व्याख्येतून सूट आहे. तरीही कोयता हातात घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अवजार कोणतं यासोबत ते कुठे, कसं आणि कशासाठी बाळगलं हे पाहिलं जातं.

दुसरी गोष्ट मनाई आदेशांची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त सण, निवडणुका, आंदोलनं अशा काळात शस्त्रं जवळ बाळगायला बंदी घालतात. त्या यादीत सुरे येतात, लाठ्याकाठ्याही येतात. मोडल्यास कलम 135 खाली कारवाई होते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा ठाणे आयुक्तालयात येतो आणि पनवेल नवी मुंबईत. म्हणजे कर्जतला जाताना तुम्ही बराच वेळ या हद्दींतच असता. निघायच्या आठवड्यात असा आदेश लागू आहे का ते पाहून घ्या. शंका असली तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा, आणि तरीही शंका उरली तर कुकरी घरी ठेवा.

येऊरला, कर्नाळ्याला किंवा माहुलीला नेली तर चालेल?

नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो, तुंगारेश्वर अभयारण्य आहे. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई मिळून एक अभयारण्य आहे, भीमाशंकरचं वेगळं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हेच कलम लागू होतं. त्या कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत चाकूही आहेत, त्यामुळे इथे 9 इंचांचा हिशेब कामाचा नाही. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायलाही तिथे मनाई आहे.

अभयारण्याबाहेरही डोंगर मोकळा आहे असं समजू नका. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या बाजूचे बरेच डोंगर राखीव वन आहेत. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार तिथे झाड तोडणं आणि जाळ करणं गुन्हा आहे.

वाळकं लाकूड पडलेलं आहे, ते घेतलं तर कुणाचं काय बिघडतं, असं अनेकांना वाटतं. बिघडतं. पडक्या ओंडक्याखाली विंचू, सापसुरळ्या, वाळवी, बुरशी यांचं सगळं जग असतं, आणि पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची चूल त्याच काटक्यांवर पेटते. दर शनिवारी शहरातून आलेल्या मंडळींनी ते शेकोटीत घालवावं, हे मला बिलकूल पटत नाही. वखारीतून किंवा मालकाकडून सरपण विकत घ्या. पैसे गावात राहतात आणि रानही राहतं.

पोलाद कोणतं हवं? दुकानात पारख कशी करायची?

साधं कार्बन पोलाद. नेपाळात धरान, भोजपूर या भागांतले कामी समाजातले लोहार बऱ्याचदा ट्रकच्या पाट्याचं पोलाद वापरतात. हे पोलाद घाव सोसतं, वाकलं तर परत सरळ करता येतं आणि धार लावायला सोपं जातं. गंज मात्र चढतो. स्टेनलेसच्या चकचकीत कुकऱ्या गंजत नाहीत, पण त्यांतल्या स्वस्त मालाची धार गाठीवर बसली की तुकडा उडतो.

पोलादापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाणी चढवणं. पारंपरिक पद्धतीत कारागीर पातं लाल तापवतो आणि किटलीच्या नळीतून पाण्याची बारीक धार फक्त धारेच्या कडेवर सोडत नेतो, पोटावर थोडी जास्त वेळ. धार कडक होते, पाठ मऊ राहते. म्हणून घाव घालताना हादरा पाठ झेलते आणि पातं मोडत नाही.

हे तपासायला एक बारीक कानस सोबत न्या आणि विक्रेत्याची परवानगी घ्या. पोटाजवळच्या धारेवर कानस हलकेच फिरवली तर ती काचेवरून सरकल्यासारखी घसरायला हवी. पाठीवर फिरवली की धरायला हवी, लोखंडाचा चुरा दिसायला हवा. दोन्हीकडे धरली तर पातं मऊ आहे, धार पहिल्याच ओंडक्यात वळेल. दोन्हीकडे घसरली तर पातं आरपार कडक आहे आणि जोराच्या घावाने तुटू शकतं. मग पाठीकडून डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का पाहा. पातं नखाने वाजवून आवाज ऐका, खणखणीत यायला हवा. चिरकलेला आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

मुठीत काय बघायचं?

पात्याची शेपटी मुठीत किती खोल गेली आहे ते. सरपणाच्या कामाला पूर्ण शेपटीची मूठ सर्वांत भरवशाची. तिच्यात शेपटी मुठीच्या रुंदीएवढी असते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या रिबिटांनी ठोकलेल्या असतात. ‘पानावल’ म्हणून विचारलंत तर विक्रेता समजतो. दुसऱ्या प्रकारात बारीक शेपटी मुठीतून आरपार जाऊन शेवटी ठोकलेली असते. तीही चालते, आणि हातात हादरा कमी देते. तिसऱ्या प्रकारात शेपटी अर्ध्यातच संपते आणि राळेसारख्या काळ्या गोंदावर तग धरते. मे महिन्यात बंद गाडीत राहिली तर तो गोंद मऊ पडतो. ती घेऊ नका.

शिसवाची मूठ चांगली. शिंगाची दिसायला सुंदर असते, पण घामाने निसरडी होते, आणि आपल्या उकाड्यात हात कोरडा राहत नाही. पारंपरिक मुठी बऱ्याचदा आखूड असतात. मूठ आवळून पाहा. करंगळी शेवटच्या फुगवट्याच्या अलीकडे आरामात बसली पाहिजे. मधली उंच कडी बोटांच्या बेचक्यात टोचत असेल तर अर्ध्या तासात फोड येतो.

पात्यावरची मुठीजवळची खाच कशासाठी असते?

तिच्याबद्दल अनेक गोष्टी सांगतात, गाईच्या खुरापासून त्रिशूळापर्यंत. घेताना एवढंच बघा की ती स्वच्छ घासलेली आहे आणि तिच्या कोपऱ्यातून बारीक तडा निघालेला नाही.

सोबतच्या दोन छोट्या सुऱ्या उपयोगी असतात का?

कर्दा ही छोटी सुरी आहे. कांदा चिरायला, दोरी कापायला बरी. दुसरीला चकमक म्हणतात, तिला धार नसते. पात्याची वळलेली धार तिच्यावर घासून सरळ करतात, चकमकीच्या दगडावर ठिणगीही पाडता येते. नसल्या तरी अडत नाही.

कुकरी चालवायची कशी?

सुरुवात म्यानापासून. म्यान डाव्या हातात पाठीच्या बाजूने धरा, बोटं धारेच्या कडेला गुंडाळू नका. धारदार पातं बाहेर येताना म्यानाची शिवण कापून बोटापर्यंत पोचू शकतं. नवशिक्यांना बऱ्याचदा जखमा अशाच होतात, आणि ही एकच सवय त्या टाळते. कुकरी सावकाश बाहेर काढा, पाठ म्यानाला टेकवून.

लाकूड तोडताना उभे राहू नका. गुडघ्यावर बसा, खाली जाड ओंडका ठेवा आणि तोडायचं लाकूड त्यावर आडवं टेकवा. गुडघ्यावर असताना नेम चुकला तर पातं जमिनीत जातं, उभे असताना पायात. घाव सरळ नव्वद अंशांत घालू नका, पातं अडकून बसेल. एक घाव डावीकडून तिरपा, पुढचा उजवीकडून तिरपा. मधून ढलपी उडते आणि खाच रुंदावत जाते. लाकूड धरलेला हात घावाच्या जागेपासून हातभर लांब ठेवा.

मूठ घट्ट पकडून दांडगाई करायची गरज नाही. घाव उचलताना पकड थोडी सैल आणि लाकडावर बसताना घट्ट. वजन आपलं काम करतं. हात फिरवून बघा, त्या घेरात कुणी नको, मुलं तर अजिबात नको. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात तोडायला बसू नका. सरपण दिवस असतानाच तयार करून ठेवायचं. आणि ग्लासात दारू असलेल्याच्या हाती कुकरी द्यायची नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

ओंडका उभा फोडता येतो का?

मनगटाएवढा असेल तर येतो. धार लाकडाच्या डोक्यावर टेकवा आणि दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोका. हातोडी किंवा दगडाने ठोकायचं नाही. पातं वळणदार असल्यामुळे ते कलतं, म्हणून मुठीकडच्या सरळ भागावर लाकूड घ्या. मांडीएवढ्या ओंडक्याला कुऱ्हाड हवी. आडवं कापायचं असेल तर घडीची करवत कमी श्रमात आणि कमी धोक्यात काम करते. कुकरी आणि छोटी करवत अशी जोडी मला सर्वांत आवडते.

धार कुठे लावून मिळेल?

घरीच लावा. सायकलचं चाक फिरवत दारोदार येणाऱ्या धारवाल्याकडे किंवा ग्राइंडरवर कुकरी देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा कड तापते, निळसर झाक येते आणि पाणी उतरतं. मग ती कड कितीही घासा, धार टिकत नाही.

कुकरीची धार दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर असते, त्यामुळे सपाट दगडावर ती नीट बसत नाही. रंगकाम करणाऱ्यांकडे मिळतो तो वॉटर पेपर घ्या, 400 नंबर आणि 1000 नंबर. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर पेपर पसरा. पातं पाठीकडे ओढत घासा, धार पुढे ढकलू नका, नाहीतर पेपर फाटेल. रबर थोडं दबतं आणि धारेचा फुगवटा जसाच्या तसा राहतो. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या कडेला बोटाला बारीक कुसळासारखी कड लागते. ती सगळीकडे लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर काही वेळा ओढा. सरपणाला वस्तऱ्यासारखी धार नको, कागद सरळ कापला की पुरे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

खाडीकाठचं दमट हवामान कार्बन पोलादाचं शत्रू आहे. वाशी, ऐरोली, कोपरी इथे जूनमध्ये म्यानात ठेवलेलं पातं ऑगस्टमध्ये काढलं तर तांबडे ठिपके हमखास दिसतात, आणि चामड्याच्या म्यानावर पांढरी बुरशी. म्हणून साठवताना पातं आणि म्यान वेगळं ठेवा. पात्याला शिलाई मशीनचं तेल पुसटसं लावून सुती कापडात गुंडाळा. खोबरेल तेल दीर्घकाळासाठी नको, ते चिकट होतं. मुठीला वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळा. ठिपके आलेच तर 1000 नंबरच्या पेपरने तेलासकट हलके घासा. वापरल्यानंतरचा करडा-काळपट रंग गंज नव्हे, तो राहू द्या.

लोकलने किंवा एसटीने कशी न्यायची?

म्यानात घालून, म्यानाला दोरी बांधून, सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या आत. कमरेला किंवा सॅकच्या बाहेर लटकवून कधीच नाही. गर्दीत लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं योग्यच आहे. मेट्रोच्या तपासणीत अडवतील. विमानात हातसामानात नेता येत नाही.

विकतच्या जळणात कोणतं लाकूड नको?

बिब्बा ओळखायला शिका. आपल्या डोंगरांत तो भरपूर आहे आणि त्याचा चीक अंगाला लागला की उततो. कातडी सुजते, फोड येतात. कापतानाही त्रास आणि धुरानेही. कण्हेर विषारी आहे, तिचं लाकूड जाळायचं नाही आणि तिच्या काडीवर काही भाजायचंही नाही. शेराचा दुधी चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. बांबू जाळायचा तर आधी उभा चिरा, बंद पेरं तापून फटाक्यासारखी फुटतात. खैराचं वाळलेलं लाकूड इतकं कठीण असतं की कुकरीची धार बोथट होते. ते करवतीने कापा.

लागलं तर काय करायचं?

सोबत जाड गॉज, रुंद पट्टी आणि चिकटपट्टी असल्याशिवाय कुकरी बाहेर काढू नका. रक्त येत असेल तर गॉज ठेवून तळहाताने सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा आणि जखम हृदयापेक्षा वर धरा. हळद, चहापूड, राख काही भरू नका. बोट हलत नसेल, बधिर वाटत असेल किंवा रक्त उसळी मारत असेल तर 108 ला फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. मुरबाड, शहापूर आणि कर्जतला ती आहेत. खोल जखमेला धनुर्वाताची लस लागते का ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.